चर्चा : पोळी बंद, भाकरी सुरू, पण वरण तेवढंच पातळ

(प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

घट्टवरण

रक्तातली साखर काठावर आली की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो : गहू बंद कर, ज्वारीची भाकरी धर. सांगणाऱ्याची तळमळ खरी असते, पण औषध चुकीच्या जागी लावलं जातंय असं माझं ठाम मत आहे. आकडे मांडतो, मग भांडू.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले. त्यात १०० ग्रॅम ज्वारीत प्रोटीन साधारण १०, तंतू १०.२ आणि कार्ब्ज ६७.७ ग्रॅम आहेत. १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात प्रोटीन १०.६, तंतू ११.४ आणि कार्ब्ज ६४.२. म्हणजे गव्हाचं पीठ कोंड्यासकट असेल, तर दोघांत फरक शोधावा लागतो.

आता वजन बघा. फुलक्याला २५ ग्रॅम पीठ लागतं. घरोघरच्या ज्वारीच्या भाकरीला ६० ते ७० ग्रॅम. तीन फुलके खाणारा माणूस "आता फक्त दोनच भाकऱ्या" म्हणून समाधानाने जेवतो. तीन फुलक्यांत ७५ ग्रॅम पीठ, म्हणजे ४८ ग्रॅम कार्ब्ज. दोन भाकऱ्यांत १३० ग्रॅम पीठ, म्हणजे ८८ ग्रॅम. संख्या एकाने कमी झाली आणि कार्ब्ज जवळपास दुप्पट. तीन महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) वाढलेलं दिसतं आणि दोष जातो नशिबाला.

खरा खड्डा ताटात दुसरीकडे आहे. सहा माणसांच्या घरात एक वाटी तूरडाळ शिजते. वाटी १५० ग्रॅमची धरली तर माणशी २५ ग्रॅम डाळ, म्हणजे साडेपाच ग्रॅमही प्रोटीन नाही. ६० किलो वजनाच्या बाईला दिवसाला ५० ग्रॅम लागतं (किलोमागे ०.८३ ग्रॅम). तिचा नेहमीचा शाकाहारी दिवस मोजा : सकाळी ५० ग्रॅम कोरडे पोहे, दिवसभरात ३० ग्रॅमच्या चार पोळ्या, ६० ग्रॅम तांदळाचा भात, एकदा वरण, दोनशे ग्रॅम भाजी, चहा धरून २०० मिली दूध. बेरीज ३७ च्या आसपास थांबते, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त प्रोटीन धान्यातलं, ज्यात लायसिन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल कमी असतं.

२०२५ मध्ये मधुमेहाच्या देशव्यापी आयसीएमआर-इंडियाब पाहणीतला आहाराचा भाग 'नेचर मेडिसिन' या संशोधनपत्रिकेत आला. भारतीयांच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कार्ब्जमधून येतात, प्रोटीनमधून १२ टक्के. त्यात आपल्या वादाला थेट लागू पडणारं निरीक्षण आहे. एकूण कार्ब्ज कमी न करता पॉलिश केलेल्या धान्याच्या जागी अख्खा गहू किंवा भरडधान्य आणलं, तर मधुमेहाचा धोका कमी असल्याचं दिसलं नाही. रोजच्या कॅलरींपैकी पाच टक्के कार्ब्जकडून काढून डाळी किंवा दुधाच्या प्रोटीनला दिल्या, तिथे मात्र धोका कमी दिसला.

म्हणून माझं म्हणणं : पोळी की भाकरी यावर घसा कोरडा करण्याआधी वरण घट्ट करा आणि पीठ मोजा.

मालदांडी

वजनाचा मुद्दा बरोबर आहे. बाकीच्यावर आक्षेप आहेत.

पहिला, तुम्ही भाकरीची तुलना फुलक्याशी केलीत. महाराष्ट्रात मोठ्या संख्येने लोक फुलका खात नाहीत, घडीची पोळी खातात. तिच्या कणकेत मोहन, घडीच्या आत तेलाचं बोट, तव्यावर वरून पुन्हा तेल. एका पोळीत तीन ते चार ग्रॅम सहज जातं. चार पोळ्यांचे १२ ते १६ ग्रॅम झाले. याच पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २००० कॅलरींच्या ताटाला दिवसभराचं वरचं तेल-तूप २७ ग्रॅम दिलंय. निम्मं तर पोळीतच संपलं. फोडणी अजून व्हायचीय. भाकरीत तेल शून्य आणि बहुतेक घरांत मीठही शून्य. हा फरक १०० ग्रॅम कोरड्या पिठाच्या तक्त्यात दिसणारच नाही, कारण माणूस पीठ खात नाही, पदार्थ खातो.

दुसरा, "कोंड्यासकट असेल तर" हे तीन शब्द फार महत्त्वाचे आहेत. पोळी मऊ आणि पांढरी व्हावी म्हणून गव्हाचं पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकणारी घरं थोडी नाहीत. हॉटेलच्या आणि पोळीभाजी केंद्राच्या पोळीत मैदा मिसळलेला असणं नवं नाही. तिथे ११.४ ग्रॅम तंतू कुठून येणार?

तिसरा, साखर हा अन्न मोजायचा एकच निकष कधीपासून झाला? बाजरीत १०० ग्रॅमला साडेसहा मिलिग्रॅमच्या जवळ लोह आहे, नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम. ६० ग्रॅम नाचणीची एक भाकरी म्हणजे दोनशेहून जास्त मिलिग्रॅम. तांदळात यातलं जवळजवळ काहीच नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेव्हा कुठे शहरात भाकरीला पुन्हा मान मिळाला. "भाकरीने काही होत नाही" हे वाक्य अर्धवट ऐकून लोक परत मैद्याच्या ब्रेडकडे जातील, याची मला खरोखर चिंता वाटते.

घट्टवरण

घडीच्या पोळीच्या तेलाचा मुद्दा पूर्ण मान्य, तो मी धरायला हवा होता. पण मग उपाय "फुलका करा" हाही होतोच. धान्य बदलायलाच हवं असं त्यातून निघत नाही.

लोहाबद्दल एक गोष्ट जोडतो. बाजरीतलं लोह फायटेट नावाच्या धान्यातल्याच घटकाने बांधलेलं असतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर चहातले टॅनिन उरलंसुरलंही अडवतात. तक्त्यातलं लोह आणि रक्तात पोचलेलं लोह यांत मोठं अंतर आहे. बाजरीच्या भाकरीबरोबर लिंबू पिळलेली कोशिंबीर किंवा कच्चा टोमॅटो घ्यायचा आणि चहा तासभर पुढे ढकलायचा, तर त्या आकड्याला अर्थ.

ज्वारीच्या प्रोटीनचंही तसंच आहे. त्यातलं काफिरीन नावाचं प्रोटीन पाण्यात शिजवल्यावर आणखी घट्ट बांधलं जातं आणि पचायला अवघड होतं. दहा ग्रॅम लिहिलंय म्हणून दहा ग्रॅम अंगी लागत नाही.

वजनकाटा

दोघंही तक्त्यांवरून बोलताय. ज्याला साखरेसाठी ठरवायचंय त्याच्यासाठी घरचा ग्लुकोमीटर जास्त उपयोगाचा, पण तो नीट वापरला तर. बहुतेक जण एकदा भाकरी खाऊन एकदा मोजतात आणि निष्कर्ष काढतात. त्याने काहीच कळत नाही.

रीत अशी. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. पहिल्या दिवशी ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी, दुसऱ्या दिवशी ६० ग्रॅम कणकेचे फुलके, तिसऱ्या दिवशी ३० ग्रॅम पीठ (कुठलंही) आणि दुप्पट घट्ट वरण. भाजी तीच, तेवढीच. जेवायची वेळ तीच. जेवणानंतरचं चालणंही सारखंच ठेवा. एके दिवशी शतपावली केली आणि दुसऱ्या दिवशी आडवं झालं, तर तुम्ही भाकरी नाही, शतपावली मोजली.

जेवणाआधी एक वाचन, पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी दुसरं. जेवण संपल्यापासून नाही, ही चूक सगळ्यात जास्त होते. हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटाला आंब्याचा रस किंवा गुळाचा चिकटा असेल तर साखर खोटी वाढलेली दिसते. ओल्या बोटाने रक्त पातळ होऊन ती खोटी कमी दिसते.

हे चक्र निदान तीनदा करा. कारण चांगल्या मीटरलासुद्धा १०० च्या वरच्या वाचनात वर-खाली १५ टक्के चूक चालते, असंच मानक आहे. एकदा १६५ आणि एकदा १५० आलं म्हणून फुलका जिंकला असं होत नाही.

आणि हे आधी वाचा, मग करा : इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या चालू असतील तर पीठ अचानक निम्म्यावर आणू नका. औषधाचा डोस जुन्या जेवणावर ठरलेला असतो. साखर ७० च्या खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर सुरू होऊ शकते. डॉक्टरांशी बोलून डोस आणि ताट एकत्र बदला.

रापण

मुंबई-पुण्याच्या चर्चेत महाराष्ट्र म्हणजे घाटावरचा देशच असतो. किनाऱ्यावर ना पोळी, ना ज्वारी. तिथे भात. आणि प्रत्येक आहारपत्रकात पहिली ओळ "भात बंद".

कोकणातल्या आणि गोव्यातल्या उकड्या तांदळाचा भात घ्या. भात कांडण्याआधी उकडल्यामुळे वरच्या थरातलं बी-१ जीवनसत्त्व दाण्यात आत शिरतं आणि कांडल्यावरही बरंचसं टिकतं. ७५ ग्रॅम तांदळाचा भात म्हणजे ६० ग्रॅमच्या आत कार्ब्ज, तुमच्या दीड भाकरीपेक्षा कमीच. त्याबरोबर १०० ग्रॅम बांगड्याचं मांस, वीस ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रोटीन, वर ओमेगा-३. हे जेवण घट्ट वरणालाही मागे टाकतं. त्यात बिघाड होतो तो दोन ठिकाणी. एक, भात डोंगराएवढा आणि कढी (माशाचं कालवण) भरपूर, पण माशाची तुकडी एकच. दोन, रवा लावून बुडेल एवढ्या तेलात तळणं. रवा तेल पितो; तव्यावर दोन चमचे तेलात, किंवा तिरफळं घालून कढीत, तोच बांगडा वेगळा पदार्थ होतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीच्या काळात सुकं येतं. सुके बोंबील, जवळा चांगलेच, पण खारवलेल्या मासळीत मीठ प्रचंड. रक्तदाब असलेल्याने खारा बांगडा दोन पाण्यांतून भिजवून काढला तरी जपूनच खावा.

भात वाईट नाही. भाताचं ढिगारपण वाईट.

दुसरी बाजू

मूळ धाग्याच्या सुरावर माझे तीन आक्षेप, आणि ते गंभीर आहेत.

ज्या पाहणीचा आधार घेतलाय ती एका वेळी केलेली नोंद आहे : लोक काय खातात आणि त्यांना काय झालंय, एवढंच. पाच टक्के कार्ब्ज हलवून पाहिलेला प्रयोग नाही. गणिताने काढलेला अंदाज आहे. मधुमेह झाल्यावर लोक भाकरीकडे वळतात, त्यामुळे भाकरी खाणाऱ्यांत मधुमेही जास्त दिसू शकतात. अशा नोंदीवरून "भाकरीने फरक पडत नाही" असं ठोकून सांगता येत नाही.

दुसरं, डाळ म्हणजे प्रोटीन ही समजूत. १०० ग्रॅम तूरडाळीत प्रोटीन २१.७ ग्रॅम आहे हे सगळे सांगतात. कार्ब्ज त्याच्या अडीचपट आहेत हे कुणी सांगत नाही. पोळ्या तेवढ्याच ठेवून वरण दुप्पट केलं तर कॅलरी वाढल्या, कार्ब्जही वाढले. "वरण घट्ट करा" हा सल्ला "एक पोळी कमी करा" या वाक्याशिवाय देणं धोक्याचं आहे.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. मधुमेह जुना असेल तर मूत्रपिंडावर परिणाम झालेला असू शकतो आणि बरीच वर्षं त्याचं लक्षण दिसत नाही. प्रोटीन वाढवण्याआधी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं त्याचा आकडा) काढून घ्या. मूत्रपिंडाचा जुना आजार असून डायलिसिस सुरू नसलेल्यांना किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास राहायला सांगतात, जास्त नाही. पोटॅशियम वाढलेलं असेल तर डाळी आणि पालेभाज्यांचंही गणित बदलतं. आणि प्रोटीनची पावडर तर नकोच. २०२४ च्या मार्गदर्शनातही ती टाळायलाच सांगितलंय.

घट्टवरण

तिसरा मुद्दा धाग्याच्या माथ्यावर लावावा असा आहे.

दुसरा मान्य, तो माझ्या मांडणीतला दोष. वरण वाढलं की पीठ कमी व्हायलाच हवं. पण डाळीतले कार्ब्ज आणि पोळीतले कार्ब्ज सारखे धरू नका. डाळीचा ग्लायसेमिक इंडेक्स बराच कमी असतो, साखर सावकाश चढते.

पहिल्यावर अर्धी सहमती. नोंदीवरून कारण सिद्ध होत नाही, बरोबर. पण मग "भाकरीने साखर उतरते" हे कुठल्या प्रयोगावर उभं आहे, हेही त्याच काटेकोरपणे विचारायला हवं. मी एवढंच म्हणतोय की प्रमाण तेच ठेवून नुसतं धान्य बदलण्यावर भिस्त ठेवू नका.

तोच साठ किलोचा दिवस पुन्हा मांडतो. सकाळी ४० ग्रॅम पोह्यांत २० ग्रॅम शेंगदाणे. दुपारी ५० ग्रॅम पीठ (दोन फुलके किंवा एक लहान भाकरी), ४० ग्रॅम डाळीचं वरण, ३० ग्रॅम तांदळाचा भात, दीडशे ग्रॅम दही. रात्री ५० ग्रॅम पिठाची भाकरी आणि ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ. दिवसाला २०० मिली दूध आणि दोनशे ग्रॅम भाजी तेवढीच. प्रोटीन पन्नाशीला पोचतं. डाळ-कडधान्य ८० ग्रॅम होतं. पोषण संस्थेच्या ताटात ८५ आहे. पीठ १२० वरून १०० वर आलं, तांदूळ ६० वरून ३० वर. अंडी चालत असतील तर काम सोपं, एका अंड्यात सहा ग्रॅमच्या वर.

परात

कागदावर ४० ग्रॅम डाळ सोपी आहे. भांड्यात ती कशी उतरते ते सांगते.

माणशी ४० ग्रॅम म्हणजे चार माणसांना १६० ग्रॅम तूर. धुऊन अर्धा तास भिजवा, डाळीच्या अडीचपट पाणी, हळद, हिंग, थेंबभर तेल, चार शिट्ट्या. रवीने घोटल्यावर डाव उभा धरला तर वरण सावकाश घसरलं पाहिजे, पाण्यासारखं ओघळता कामा नये. नंतर पाणी घालायचा हात आवरता आला पाहिजे, सगळं तिथेच बिघडतं. दोन पाहुणे वाढले की पाणी वाढतं, डाळ वाढत नाही.

पोट फुगतं ही तक्रार लगेच येईल. एकदम दुप्पट करू नका. आठवड्याला माणशी पाच-पाच ग्रॅम वाढवा. कडधान्य भिजवलेलं पाणी टाकून द्या. तूर जड वाटली तर निम्मी मूगडाळ घाला.

मटकीबद्दल मोठा गैरसमज आहे की मोड आले की प्रोटीन वाढतं. ४० ग्रॅम कोरड्या मटकीची मोड येऊन सुमारे १०० ग्रॅम होते, पण प्रोटीन आठच ग्रॅम राहतं, पाणी वाढलं म्हणून वजन वाढलं. मोडांचा फायदा वेगळा : फायटेट कमी होतं, क जीवनसत्त्व येतं, पचायला हलकं. म्हणून उसळीचं माप नेहमी कोरड्या कडधान्यावर धरा.

घाईच्या दिवशी पिठलं. माणशी ४० ग्रॅम बेसन म्हणजे साडेआठ ग्रॅम प्रोटीन, वरणाइतकंच, आणि पंधरा मिनिटांत. फक्त फोडणीला पळी रिकामी करू नका; चौघांच्या पिठल्याला तीन चहाचे चमचे तेल पुरतं. चार माणसांच्या घरात महिन्याला तेल, तूप, लोणी सगळं मिळून साडेतीन लिटरच्या आत राहतंय का, हे दुकानाच्या बिलावरून एका मिनिटात कळतं. बऱ्याच घरांत ते त्याच्या पुढे असतं.

आता ५० ग्रॅमची भाकरी. लहान पिठाची भाकरी पातळ थापावी लागते आणि नवख्यांची तिथेच फाटते. ज्वारीत गव्हातलं चिकट ग्लुटेन नाही, पीठ धरून ठेवतो तो गरम पाण्यात फुललेला स्टार्च. म्हणून पाणी उकळतं हवं. पिठाच्या वजनाएवढं किंवा किंचित कमी पाणी घ्या, पीठ परातीत घेऊन त्यावर ओता, उलथण्याने हलवून पाच मिनिटं झाका. हाताला सोसवेल तेव्हा तळहाताच्या टाचेने दाबत, पुढे ढकलत तीन-चार मिनिटं मळा. सगळं पीठ एकदम मळून ठेवू नका, एकेका भाकरीपुरता गोळा पुन्हा मळून घ्या. थापताना कड फाटायला लागली तर पीठ कोरडं आहे. गोळा मोडा, ओला हात लावून परत मळा. वरून पीठ भुरभुरवून चीर बुजत नाही, वाढते.

तवा चांगला तापलेला. पिठाची बाजू वर ठेवून टाका आणि लगेच पाण्याचा हात सगळीकडे सारखा फिरवा. ते पाणी पूर्ण वाळायच्या आत उलटा. वाळू दिलं तर वर भेगा पडतात, वाफ त्यातून निघून जाते आणि भाकरी फुगत नाही. सगळं नीट करूनही तुटत असेल तर पीठ जुनं आहे, त्याची विरी गेलीय. ज्वारी पंधरा दिवसांपुरतीच दळून आणा.

आणि ज्यांना सिलिॲक (ग्लुटेन न सोसणारा आजार) आहे त्यांच्यासाठी : गिरणीत गव्हामागे ज्वारी दळली तर जात्यात उरलेला गहू तुमच्या पिठात येतो. त्यांनी घरगुती चक्कीच वापरावी, तीही गहू कधीच न घातलेली.

शिवार

ही सगळी चर्चा खुर्चीत बसणाऱ्यांची आहे, हे कुणीतरी सांगायला हवं. २०२० च्या शिफारशींत बैठं काम करणाऱ्या पुरुषाला २११० कॅलरी आहेत, कष्टाचं काम करणाऱ्याला ३४७०. खुरपणी, ऊसतोड, बांधकाम करणाऱ्या माणसाने चार भाकऱ्या खाल्ल्या तर त्या त्याला लागतातच. त्याला ५० ग्रॅमची भाकरी सांगाल तर दुपारी हातपाय गळतील. त्याच्या ताटात भाकरी कमी करायची नाही; भाकरीच्या जोडीला ठेचा आणि कांदा यांच्यापलीकडे काहीतरी घालायचं.

तूरडाळ महाग झाली की गरीब घरात पहिला घाव वरणावर पडतो. तिथे हुलगा आहे, प्रोटीन तुरीएवढंच आणि भाव कमी. त्याचं माडगं किंवा शेंगोळी. हरभरा डाळ आहे. शेंगदाण्याचा ३० ग्रॅम कूट म्हणजे सात ग्रॅम प्रोटीन आणि दीडशेच्या वर कॅलरी; कष्ट करणाऱ्याला दोन्ही हव्यात, बसणाऱ्याने मोजून. दूध डेअरीला घालून घरी बिनदुधाचा चहा होतो अशी गावं आहेत. तिथे अर्धा लिटर दूध घरात ठेवणं ही कुठल्याही धान्यबदलापेक्षा मोठी सुधारणा आहे.

मालदांडी

शिवार यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. परात यांची भाकरीची कृती तर जपून ठेवावी अशी. माझं मत मात्र हललेलं नाही, फक्त नेमकं झालंय.

पीठ मोजावं, मान्य. वरण घट्ट हवं, मान्य. पण ५० ग्रॅम पिठाची भाकरी आणि ५० ग्रॅम पिठाच्या दोन घडीच्या पोळ्या समोर ठेवल्या तर मी भाकरीच निवडेन. सहा ते आठ ग्रॅम तेल वाचतं, चावायला वेळ लागतो, आणि पुढच्या भाकरीसाठी पुन्हा गोळा मळायला लागत असल्यामुळे हात आपोआप थांबतो. शिळी भाकरी ताकात कुस्करून खाण्याचं कौतुकही फुकट नाही. गार झालेल्या स्टार्चचा थोडा भाग पचायला प्रतिकार करतो. परिणाम लहान आहे, त्यावर तिसरी भाकरी खाऊ नये.

शहरातल्यांना एक सावधगिरी : 'मल्टिग्रेन आटा'च्या पिशवीला ज्वारी समजू नका. मागची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिला गहू आणि ज्वारी-नाचणी पाचव्या-सहाव्या जागेवर दोन टक्के असेल, तर तुम्ही गहूच विकत घेतलाय.

वजनकाटा

भाकरी विरुद्ध पोळी मोजायला सुरुवात करणाऱ्यांनी आधी वाटी मोजा. घरातली आमटीची वाटी १०० मिलीची असते, १५० ची असते, २०० चीही असते. "एक वाटी वरण" या शब्दांवर दोघांचं भांडण चाललेलं असतं आणि दोघांच्या ताटात डाळ दुपटीने वेगळी असते. वाटी काट्यावर ठेवून शून्य करा, काठापर्यंत पाणी भरा. जेवढे ग्रॅम तेवढे मिली. आकडा तिच्या बुडाला परमनंट मार्करने लिहून ठेवा.